कडुनिंबाला बांधलेला कॉम्प्युटर

नत्थूजी उमाटे यांनी नवी सायकल घेतली, तेव्हा ती आधी अंगणातल्या कडुनिंबाला बांधली. साखळी-कुलूप लावून नव्हे. हँडलच्या खाली दावं घालून, बैल बांधतात तशी. समोर कडबा टाकायचा तेवढा राहिला होता. पंधरवडाभर सायकल झाडाखाली उभी होती आणि नत्थूजी पायी फिरत होते. रोज सकाळी तिच्याभोवती एक चक्कर मारायचे, सीटवर थाप द्यायचे, पुढचं चाक उचलून खालून पाहायचे आणि मग पिशवी घेऊन भाजीला चालत निघायचे.

मी एकदा विचारलं, "नत्थूजी, सायकल असताना पायी का?"

"बजारातून आली ना मास्तर," ते म्हणाले. "निगराणीत आहे."

ही निगराणी त्यांच्या नोकरीतून आली होती. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची हयात गेली. कारंजा आणि आसपासच्या खेड्यांत त्यांना ढोर डॉक्टर म्हणत, आणि त्यात हेटाळणी नव्हती. बाजारातून नवीन जनावर आणलं की ते सरळ गोठ्यात बांधायचं नाही, काही दिवस वेगळं ठेवायचं, त्याचं शेण, नाक, डोळे पाहायचे आणि मगच आत घ्यायचं, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. लोकांनी ऐकलं, कधी नाही ऐकलं. नत्थूजींनी मात्र स्वतःचं इतकं मनावर घेतलं की निवृत्तीनंतर घरी जनावरं नव्हती, तर ते वस्तूंना लावू लागले. नवा कुकर ओसरीवर. नवी छत्री ओसरीवर, आणि नत्थूजी पावसात. "बजारातून आलं ना? मंग थांब," असं ते त्या छत्रीला सांगायचे. मी ऐकलं आहे.

लेक आर्वीला दिलेली. लग्नानंतर जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला, तेव्हा त्याचंही अंथरूण ओसरीवरच पडलं. जावई रुसला. लेकीने समजूत काढली, "बाबानं तुमाले झाडाले नाई बांधलं, हेच लय समजा."

आमची ओळख वाचनालयामुळे. मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो होतो आणि वाचनालयाचा अध्यक्ष होतो. नत्थूजी सचिव. ते फारसं वाचत नसत, पण नव्या पुस्तकांची निगराणी त्यांच्याइतकी कोणी केली नसती. वर्ध्याहून आलेला गठ्ठा ते आधी उन्हात पसरायचे. नवी कादंबरी वाचकाच्या हाती पडायची तेव्हा ती तापलेली असायची.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. गावातल्या पोरांना कॉम्प्युटर पाहायला मिळावा, म्हणून वाचनालयाने एक घ्यायचं ठरवलं. हायवेवरच्या ढाबेवाल्यांपासून शेतमजुरांपर्यंत सगळ्यांनी हातभार लावला. वर्ध्याहून जीपमधून खोकी आली. मी दार उघडून उभा होतो. नत्थूजी पायरीवर आडवे आले.

"आत नाई."

"अहो, हे मशीन आहे. त्याला काय खरूज होणार?"

"थे मले काय माहीत. ह्यालेच इचारू." ते जीपमधून आलेल्या दुकानदाराकडे वळले. "काऊन भाऊ, याले काय काय होते?"

दुकानदार बिचारा खरं बोलला. म्हणाला, तसं काही होत नाही, पण इंटरनेटला जोडला की टेलिफोनच्या तारेतून व्हायरस येतात. म्हणून आधी अँटिव्हायरसची सीडी टाकायची, मगच तार लावायची. सीडी आत्ता संपली आहे, नागपूरहून आली की पाठवतो.

नत्थूजींचा चेहरा असा खुलला, जणू आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टीवर कोणी सरकारी शिक्का मारला. "पाहा मास्तर! लस आल्याबिगर कळपात सोडाचा नाई. दुकानदार म्हणून राह्यला, मी नाई."

कॉम्प्युटर व्हरांड्यातच मांडला गेला. आणि मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नत्थूजींनी टेबलाच्या पायाला दावं बांधलं आणि त्याचं दुसरं टोक नेऊन वाचनालयाच्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधलं. येणारे-जाणारे थांबून पाहात. "नत्थूजी, दूध किती देते?" असं विचारत. नत्थूजी रागवायचे नाहीत. कॉम्प्युटरच्या अंगावर हात ठेवून म्हणायचे, "अंग जरासंक गरम आहे. बाकी ठीक."

पुढे पावसाची चिन्हं दिसली, तेव्हा त्यांनी त्याला आत घेतलं. पण टेलिफोनची तार त्यांनी काढून घेतली, गुंडाळली, सुतळीने बांधली आणि खिळ्याला लटकवली. त्या सुतळीची गाठ म्हणजे त्यांची ढोराची गाठ होती. जनावराने कितीही हिसका दिला तरी ती घट्ट बसते आणि आपण एक टोक ओढलं की झटक्यात सुटते. ती नत्थूजींखेरीज मी कोणाला मारताना पाहिली नाही.

"सीडी आल्याबिगर ही गाठ सुटणार नाई," त्यांनी सांगितलं.

आता माझं सांगतो. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर वाचनालयात इंटरनेट सुरू होणार, असं मी गावभर सांगून बसलो होतो. पाहुणे ठरले होते. सगळ्यांसमोर मीच तो सुरू करून दाखवायचा होता. आणि मला तो सुरू करता येत नव्हता. म्हणजे कागदावर लिहून घेतलं होतं, पण हाताने कधी केलं नव्हतं. माझे जुने विद्यार्थी समोर उभे राहणार. ज्यांना मी फळ्यासमोर उभं करून घाम फोडला, ते माझं बोट कुठे चुकतं हे बघणार. मला जेवण जाईना.

चौदा तारखेला दुपारी वाचनालयात कोणी नव्हतं. मी खिळ्यावरची तार काढली. टोक ओढलं, गाठ सुटली. तार लावली. कागदात पाहून एकेक करत गेलो. मोडेमने आधी सूर धरला, मग किंचाळला, मग कोणीतरी डब्यात खडे घालून हलवावेत तसा खडखडला. आणि लागलं! एक पान उघडू लागलं. वरून खाली हळूहळू एका माणसाचा फोटो येत होता. कपाळ आलं, भुवया आल्या, डोळे आले. तो हसतो आहे की रागावला आहे हे कळायच्या आत व्हरांड्यात पावलं वाजली. मी घाबरून तार उपटली. गाय होती.

काही बिघडलं नव्हतं. कॉम्प्युटर शांत होता. मी तार पुन्हा गुंडाळली, सुतळी बांधली, खिळ्याला अडकवली आणि आनंदात घरी आलो. त्या रात्री पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सीडी आली. नत्थूजी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून तयार होते. दुकानदाराने फोनवर सांगितलं तसं त्यांनी सीडी सरकवली आणि लस आत जाईपर्यंत मशीनच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग तार घ्यायला खिळ्याकडे गेले आणि थांबले.

गाठ त्यांची नव्हती. मी घाईत माझ्या हाताला जी सवय होती ती मारली होती. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला आम्ही मास्तर लोक मारतो ती, आडवी-उभी दोरी घेऊन मधोमध दुहेरी. ती ओढून सुटत नाही. नत्थूजींनी ती उलटसुलट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून झेंडा पाहात होतो. झेंड्यात पाहण्यासारखं बरंच काही असल्यासारखा पाहात होतो. नत्थूजींनी नखांनी, शेवटी दातांनी ती गाठ सोडवली आणि तार माझ्या हातात दिली.

समोर सगळं गाव. मी तार लावली, बटणं दाबली, मोडेम किंचाळला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं आणि खाली सेकंदांचे आकडे एकेक करून उतरत होते.

"हे काय आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. पण मागून किराणा दुकानवाले गोपाळशेठ खात्रीने म्हणाले, "उलटी गिनती आहे जी. रॉकेट सोडाले लावते थे."

मग काय! सगळं गाव मोजू लागलं. पोरं, बाया, पाहुणे, पाहुण्यांचा ड्रायव्हर. "पाच! चार! तीन! दोन! एक!"

कॉम्प्युटर बंद पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला.

तो आपोआप पुन्हा सुरू झाला. मी पुन्हा जोडला. थोड्या वेळाने पुन्हा ती चौकट, पुन्हा आकडे. गाव पुन्हा मोजू लागलं, जरा कमी जोराने. पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला फक्त लहान पोरं मोजत होती. पाहुणे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, याच्या पुढं काई आहे, का इतलंच?"

गोपाळशेठ म्हणाले, "अहो, नत्थूजीनं ढोराची सुई टोचली असन याले!"

जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. सगळ्यांच्या नजरा नत्थूजींकडे वळल्या. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी ते ओठांपर्यंत आणले, आणि समोर पहिल्या रांगेत माझे विद्यार्थी दिसले.

नत्थूजींनी टोपी काढली. "माह्याच हातून झालं," ते म्हणाले. "लस द्याले उशीर केला म्या."

मी तार काढून गुंडाळू लागलो.

चेष्टा तिथेच संपली असती तर एक वेळ चाललं असतं. पण 'ढोर डॉक्टरनं कॉम्प्युटर मारला' हे वाक्य हायवेवरच्या ढाब्यांवर जाऊन पोहोचलं. निवृत्तीनंतरही लोक त्यांना रात्री-अपरात्री जनावर पाहायला बोलवत. बायको शांता वारल्यावर तीच त्यांची एकटेपणातली माणसं होती. आता लोक हसत म्हणायचे, "पाहून जा नत्थूजी, पण सुई नका देजा." आणि बोलावणी कमी होत गेली. त्यांनी सचिवपद सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "वय झालं."

काही दिवसांनी वर्ध्याहून दुरुस्ती करणारा आला. त्याला मदत म्हणून मी थांबलो, आणि नत्थूजी न बोलावता आले. जनावर आजारी आहे म्हटल्यावर त्यांना घरी राहवणार नव्हतं. त्याने बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, सीडी टाकायच्या आधीच हा व्हायरस आत शिरला होता. यात एक दार असतं, ते बंद करून आणि सीडी टाकूनच तार लावायची असते. नुसती तार लावून थोडा वेळ ठेवला तरी तो आपण काही न करता शिरतो. "आधी कोणी तार लावली होती का?"

"मीच लावलती," नत्थूजी म्हणाले.

तो सगळं पुसून, नव्याने भरून, जेवायला ढाब्यावर गेला. आम्ही दोघं उरलो.

"का?" मी विचारलं. "तुम्ही गाठ ओळखली होती."

"मास्तरची गाठ ओळखाले काय लागते. पेपरचा गठ्ठा बांधला होता तुमी." ते हसले. मग कॉम्प्युटरकडे पाहात बोलू लागले. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"नोकरीले लागलो त्या वर्षी म्या बजारातून एक कालवड आणली. तपासली. चांगली होती. दिवाळीची घाई, म्हणून सरळ गोठ्यात बांधली. गोठ्यात शांताची गाय. तिच्या बापानं लग्नात देल्ली. थे गेली. मंग शेजाऱ्याची गेली. लोक दारात आले. म्हणे, नवीन ढोर कोणं बांधलं? मी तोंड उघडाच्या आंधी शांता म्हणे, यायनं नाई म्हंतलं होतं, मीच बांधली. लोकायनं तिले काय काय म्हंतलं, मास्तर. मी तिथीच उभा होतो."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"नाई. घरात आल्यावर म्हणे, लोकाचा आत्ता कुठी सुईवर इस्वास बसून राह्यला. तुमच्यावरून उठला त कोणी ढोराले हात लावू देणार नाई, अन् सारीच मरतीन. माह्यं काय, मले कोण सुई मागते." त्यांनी मशीनच्या पाठीवर हात ठेवला. "मरेपर्यंत लोक तिले बोलत होते का, गाय खाल्ली इनं. खरं सांगाचं राहूनच गेलं माह्याकून. आज सांगू, उद्या सांगू. अन् थे गेली."

मला एवढंच कळलं, की कडुनिंबाला बांधलेल्या सायकली आणि छत्र्या मी आजवर चुकीच्या नजरेने पाहिल्या होत्या.

"मी सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो. "आजच."

"सांगजा. पण पयले पोट्टे शिकू द्या. मास्तरनंच मोडला म्हंतलं, त बाप लोक पाठवतीन काय पोराले तुमच्याकडं शिकाले? माह्यं काय, मले ढोरं ओळखते. थे थोडी पेपर वाचते." मग निघता निघता म्हणाले, "पण माह्यावानी सांगाचं राहू नका देजा, मास्तर. लय जड होते."

तो कॉम्प्युटर पुढे बरीच वर्षं चालला. दार बंद करून, लस देऊन. मी शिकत शिकत शिकवलं; पहिली तुकडी शिकली, दुसरी शिकली. त्यातले काही आज नागपूर-पुण्यात त्याच कामावर आहेत, आणि गावी आले की माझ्या पाया पडतात. प्रत्येक वेळी माझे पाय मागे सरतात.

त्या वर्षीचा पोळा त्या सगळ्यानंतर लगेच आला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दारोदार पळसाच्या फांद्या उभ्या करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलून गावाबाहेर नेऊन टाकतात. नेताना एकाने नको असलेल्या गोष्टीचं नाव ओरडायचं आणि बाकीच्यांनी इडापिडा नेणाऱ्या मारबतीला 'घेऊन जाय गे मारबत' म्हणायचं. खोकला, खरूज, ढेकूण, डास, सगळं त्या फांद्यांबरोबर गावाबाहेर. नत्थूजी वाचनालयाच्या दारातली फांदी खांद्यावर घेऊन आले आणि सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडले, "तारंतून येणारे, मशीन पाडणारे जंतू..."

गल्ली हसत हसत ओरडली, "घेऊन जाय गे मारबत!"

ज्या लोकांनी त्यांना वेडं ठरवलं, त्यांच्या पोरांसाठी ते ओरडत होते. पुढे दर वर्षी ओरडले.

शेवटच्या आजारात ते सेवाग्रामच्या दवाखान्यात होते. खोकला होता म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा दारातूनच हसले. "पाहा मास्तर, मले नवीन ढोरावानी येगळं बांधलं. बरोबर केलं. निगराणी पाह्यजेच." मी म्हणालो, आता गावात सांगून टाकतो. त्यांनी मान हलवली. ती होय होती असं मी धरून चाललो, पण गावात परत येऊन बोललो नाही. ते गेल्यावरही बोललो नाही. पोरं केव्हाच शिकून झाली होती. थांबायला आता कारण उरलं नव्हतं, नुसती सवय उरली होती.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारातली फांदी मी उचलली. जड नव्हती, पण माझ्या वयाला पुरेशी होती. गल्लीत खोकला झाला, ताप झाला, डास झाले. मग मी ओरडलो, "कॉम्प्युटर मास्तरनं बिघडवला, नत्थूजीनं नाही! मास्तरचा खोटेपणा..."

"घेऊन जाय गे मारबत!" गल्लीने नेहमीच्या सवयीने म्हटलं. म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हटलं. सगळे थांबले. गोपाळशेठ आता माझ्यासारखेच म्हातारे झाले आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या फांदीचं दुसरं टोक धरलं.

"अन् शांताबाईनं गाय नाही मारली," मी म्हणालो. हे ओरडून सांगायचं नव्हतं. चालता चालता सगळं सांगितलं, शिवेपर्यंत.

त्या दोघांचे उपकार मी मोजू शकत नाही. शांताबाईचं पाहून नत्थूजींनी माझ्या अब्रूचं आयुष्य वाढवून दिलं, आणि त्या वेळात पोरं शिकली. आता हे लिहून ठेवलं म्हणजे त्यांच्या नावावर जे चुकून लागलं होतं ते पुसलं जाईल, एवढीच इच्छा.

गेल्या आठवड्यात वाचनालयात नवा कॉम्प्युटर आला. तो सध्या व्हरांड्यात आहे. कोणी हसलं नाही. मी टेबलाच्या पायाला दावं बांधून कडुनिंबाला नेऊन बांधलं. नुसतं टोक ओढलं की सुटेल अशी गाठ मारायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी गठ्ठ्याचीच बसते.